‘सस्पिशन’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार आणि त्याचे वाङ्मयीन उपयोजन

प्रस्तावना :

परकीय भाषेतील वाङ्मय शिकविताना एखाद्या शब्दासाठी आपण कोणता प्रतिशब्द योजतो, यावर कधी कधी संपूर्ण कलाकृतीचे आकलन अवलंबून असते. हा अनुभव इंग्रजी विषयाच्या प्राध्यापकांना नवा नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे पदवीच्या वर्गास शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ शिकविले. विद्यार्थी बहुतांशी मराठी माध्यमातून आलेले. त्यांना कथानक सुलभ व्हावे या हेतूने ‘सस्पिशन’, ‘डाउट’, ‘जेलसी’ आणि ‘डिसट्रस्ट’ या चारही शब्दांसाठी वर्गात ‘संशय’ हा एकच शब्द वापरला गेला. त्याचे फळ उत्तरपत्रिकांत दिसले. हॅम्लेट आणि ऑथेल्लो हे दोघेही संशयी नायक असून दोघांचाही नाश संशयामुळे झाला, असे विधान एका पाठोपाठ एक उत्तरपत्रिकांत आढळले. चूक विद्यार्थ्यांची नव्हती. शिक्षकाने दिलेल्या शब्दातूनच त्यांनी निष्कर्ष काढला होता आणि तो निष्कर्ष त्या शब्दाच्या मर्यादेत तर्कशुद्धही होता.

या अनुभवातून प्रस्तुत लेखाची निर्मिती झाली आहे. ‘सस्पिशन’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, ‘डाउट’हून तो कोठे वेगळा होतो, आणि इंग्रजी वाङ्मयात त्याचे उपयोजन कसे झाले आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

उद्दिष्टे :

१) ‘सस्पिशन’ या शब्दाची व्युत्पत्ती व अर्थच्छटा स्पष्ट करणे.
२) मराठीतील ‘संशय’ या शब्दाशी त्याचे साम्य व भेद तपासणे.
३) बेकन, शेक्सपिअर व फॉर्स्टर यांच्या निवडक कृतींतील या संकल्पनेच्या उपयोजनाची चिकित्सा करणे.
४) आधुनिक समीक्षाव्यवहारात या शब्दास प्राप्त झालेल्या स्थानाचा विचार करणे.

१. व्युत्पत्ती व अर्थच्छटा :

‘सस्पिशन’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे, हे दोन घटक आहेत. या दोहोंपासून सिद्ध झालेल्या लॅटिन क्रियापदाचे दोन अर्थ होते. एक, वर मान करून पाहणे, म्हणजेच आदराने पाहणे. आणि दुसरा, खालून, तिरक्या नजरेने, चोरून पाहणे. एकाच क्रियापदात आदर आणि अविश्वास एकत्र नांदत होते. इंग्रजीत मात्र यांपैकी दुसराच अर्थ टिकला. तथापि, हा शब्द मूलतः नजरेचा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘डाउट’ची जातकुळी निराळी आहे. तो ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा संबंध ‘दोन’ या संख्येशी आहे. मन दोन पर्यायांमध्ये थांबणे, हा त्याचा गाभा. मराठीतील ‘द्विधा’ हा शब्द याच कल्पनेवर उभा आहे. म्हणजे ‘डाउट’मध्ये मन दोन्हीकडे खुले असते, ‘सस्पिशन’मध्ये ते एका बाजूस कललेले असते. ज्याला ‘डाउट’ असतो त्याला ठाऊक नसते. ज्याला ‘सस्पिशन’ असते त्याला ठाऊक झाल्यासारखे वाटत असते, केवळ पुरावा हाती यावयाचा असतो.

अविश्वासवाचक शब्दांचे अर्थ कालांतराने किती सरकतात, याचे एक उदाहरण येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथात माणसामाणसांतील कलहाची तीन कारणे सांगितली. स्पर्धा, ‘डिफिडन्स’ आणि कीर्तीची हाव. येथे ‘डिफिडन्स’ म्हणजे इतरांविषयीचा अविश्वास. आज याच शब्दाचा अर्थ बुजरेपणा, म्हणजे स्वतःविषयीचा अविश्वास असा होतो. दुसऱ्यावर रोखलेला शब्द कालौघात स्वतःकडे वळला. ‘सस्पिशन’ मात्र आजही दुसऱ्यावरच रोखलेला आहे.

या शब्दापासून झालेले ‘सस्पिशस’ हे विशेषण विशेष लक्षणीय आहे. जो संशय घेतो तोही ‘सस्पिशस’ आणि ज्याचा संशय येतो तोही ‘सस्पिशस’. पाहणारा आणि पाहिला जाणारा या दोघांना इंग्रजीने एकच विशेषण दिले आहे. त्यामुळे दोष नजरेत आहे की वस्तूत, हा प्रश्न त्या भाषेत सहज झाकला जातो. मराठीने येथे स्पष्ट विभागणी केली आहे. संशय घेणारा तो ‘संशयी’ किंवा ‘संशयखोर’. ज्याविषयी संशय येतो ते ‘संशयास्पद’.

२. मराठीतील ‘संशय’ :

मराठीतील ‘संशय’ हा शब्द संस्कृतमधून जसाच्या तसा आला आहे. ‘सम्’ या उपसर्गास ‘शी’ हा धातू जोडून तो झाला. ‘शी’ म्हणजे निजणे, पडून राहणे. मन पुढे न जाता थबकते, पडून राहते, ही त्यामागील कल्पना. म्हणजेच मूळ अर्थाने ‘संशय’ हा ‘डाउट’च्या जवळचा आहे, ‘सस्पिशन’च्या नव्हे.

न्यायदर्शनाने हा अर्थ शास्त्रशुद्धपणे मांडला. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसऱ्या स्थानी संशय येतो. अंधुक प्रकाशात दूरवर काही उभे दिसते. ते झाडाचे खोड आहे की माणूस, असा प्रश्न पडतो. हा संशय होय. तो दोष नसून जिज्ञासेचा आरंभ आहे. जेथे संशय नाही तेथे विचारास प्रवृत्ती नाही, अशी न्यायदर्शनाची भूमिका आहे. याच परंपरेने संशयापासून ‘विपर्यय’ वेगळा काढला. दोरी पाहून हा सापच असा निश्चय होणे, म्हणजे विपर्यय. संशयात मन दोन बाजूंना असते; विपर्ययात ते एकाच, पण चुकीच्या बाजूला स्थिर झालेले असते. हा भेद पुढे ‘ऑथेल्लो’च्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

दुसरीकडे भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा नाश होतो असे सांगितले आहे. तेथे संशय श्रद्धेच्या विरुद्ध उभा आहे. म्हणजे आपल्याच परंपरेत ज्ञानाची पहिली पायरी आणि विनाशाचे कारण, अशी दोन्ही रूपे या एका शब्दास प्राप्त झाली. लोकव्यवहारात पुढे नात्यांतील अविश्वास हाच त्याचा प्रमुख अर्थ झाला. ‘संशयाचे भूत’, ‘संशयपिशाच’ हे शब्दप्रयोग त्याचेच द्योतक आहेत.

मराठी क्रियापदांनी या बाबतीत एक सूक्ष्म भेद राखला आहे. ‘मला संशय येतो’ आणि ‘मी संशय घेतो’ या दोन वाक्यांत केवळ रचनेचा फरक नाही. येणारा संशय माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतो, म्हणून त्याचा दोष त्याला लागत नाही. घेतलेला संशय ही मात्र त्याची कृती असते आणि तिची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘उगाच संशय घेऊ नकोस’ असे आपण म्हणतो. ‘उगाच संशय येऊ देऊ नकोस’ असे सहसा म्हणत नाही.

परंतु नामाच्या पातळीवर हा भेद पुसला जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यायालयीन वृत्तांतांत मिळते. पोलीस ज्याला पकडतात तो ‘संशयित’, आणि पुराव्याअभावी न्यायालय ज्याला सोडते त्याची ‘संशयाचा फायदा’ देऊन मुक्तता होते. पहिला संशय ‘सस्पिशन’ आहे, दुसरा ‘डाउट’. एक संशय माणसाला कोठडीत नेतो, दुसरा त्याला बाहेर काढतो. कितीही प्रबळ ‘सस्पिशन’ असले तरी ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वारंवार उच्चारले आहे. मात्र ते मराठीत सांगताना दोन्हींसाठी आपल्यापाशी नाम एकच.

३. बेकनची चिकित्सा :

फ्रान्सिस बेकनच्या निबंधसंग्रहाच्या १६२५च्या आवृत्तीत ‘सस्पिशन’वर एक छोटा निबंध आहे. संशयाला तो वटवाघळाची उपमा देतो. पक्ष्यांमध्ये जसे वटवाघूळ तसा विचारांमध्ये संशय. दोघेही संधिप्रकाशात उडतात. न्यायदर्शनातील खोडाचे उदाहरणही अंधुक प्रकाशातीलच आहे, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु नैयायिक त्या प्रकाशात प्रश्न विचारतो, तर बेकनला त्याच प्रकाशात अशुभ काहीतरी उडताना दिसते.

बेकनचे निदान व्यवहारी आहे. ज्याला कमी माहिती असते तोच अधिक संशय घेतो, हे त्याचे प्रमुख प्रतिपादन. म्हणून उपाय म्हणजे अधिक माहिती मिळविणे. संशय मनात कोंडून ठेवणे नव्हे. ज्याच्याविषयी संशय आहे त्याच्याशीच मोकळेपणाने बोलावे, असा सल्लाही तो देतो, मात्र नीच प्रवृत्तीच्या माणसाबाबत हा उपाय चालत नाही अशी पुस्तीही जोडतो. संशय हा हृदयाचा नव्हे तर बुद्धीचा दोष आहे, कारण तो धैर्यवान माणसांतही आढळतो, असे सांगून त्याने सातव्या हेन्री राजाचे उदाहरण दिले आहे. बेकन स्वतः राजदरबारी होता. त्यामुळे संशय समूळ टाकून द्या, असे तो म्हणत नाही. संशय खरा ठरेल असे धरून सावध राहावे, पण तो खोटा असेल असे समजून त्याला लगाम घालावा, हा त्याचा तोल आहे. हा तोल सुटला म्हणजे काय होते, हे शेक्सपिअरने त्यापूर्वीच रंगभूमीवर दाखविले होते.

४. ‘ऑथेल्लो’ : संशयाचा अभाव :

‘ऑथेल्लो’चा राजदरबारी प्रयोग १६०४ साली झाल्याची नोंद आहे. या नाटकाला आपल्याकडे ‘मत्सराची शोकांतिका’ म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः मत्सर म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे. तो कॅसिओच्या बढतीने दुखावलेल्या इयागोला लागू पडतो, ऑथेल्लोला नव्हे. शिवाय शेक्सपिअरच्या काळात ‘जेलसी’ या शब्दात सावध पाळत व अविश्वास हाही अर्थ अंतर्भूत होता. म्हणून या नाटकात ‘जेलसी’ आणि ‘सस्पिशन’ हे शब्द एकमेकांत मिसळतात.

पहिल्या अंकाच्या शेवटी, आपल्या स्वगतात, इयागो स्वतःच्या पत्नीचा आणि ऑथेल्लोचा संबंध असल्याच्या अफवेचा उल्लेख करतो. ते खरे आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, हेही तो कबूल करतो. आणि केवळ ‘सस्पिशन’ असले तरी आपण ते खात्रीसारखेच धरून वागणार, असे जाहीर करतो. नाटकातील संशयाचा सिद्धान्त येथे, खलनायकाच्या तोंडून, मांडला गेला आहे. ज्ञानाची उणीव त्याला मान्य आहे, परंतु त्या उणिवेने कृती थांबत नाही. पुढे इयागो ऑथेल्लोला खोटी माहिती तर देतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो त्याला विचार करण्याची ही रीत देतो.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो स्वतःविषयी जे सांगतो, ते त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. एकदा संशय उत्पन्न झाला की आपल्यालेखी निर्णय झालाच, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. पुरावा पाहूनच आपण ठरवू असेही तो म्हणतो. परंतु ‘डाउट’च्या अवस्थेत क्षणभरही राहणे त्याला असह्य आहे, हे त्यातून उघड होते. तो रणांगणावरचा सेनानी आहे. तेथे थबकणे म्हणजे पराभव. म्हणून तो द्विधा मनःस्थितीतून जितक्या लवकर बाहेर पडता येईल तितक्या लवकर बाहेर पडतो, आणि चुकीच्या दाराने पडतो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ऑथेल्लोची शोकांतिका संशयाची नसून विपर्ययाची आहे. त्याला नीट संशय घेता आला असता, म्हणजे इयागोविषयीही दोन शक्यता मनात धरता आल्या असत्या, तर डेस्डेमोना वाचली असती.

हॅम्लेट नेमका याच्या उलट आहे. पित्याच्या भुताचे शब्दसुद्धा तो पडताळून पाहतो, त्यासाठी दरबारात नाटकाचा प्रयोग घडवितो. तो ‘डाउट’चा नायक आहे. त्याचे थांबणे आणि ऑथेल्लोची घाई या दोन भिन्न मनोवस्थांना एकच ‘संशयी’ हे विशेषण लावणे, म्हणजे दोन्ही नाटके एकदम गमावणे होय.

ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. ‘सस्पिशन’ हा मुळात नजरेचा शब्द असल्याचे वर पाहिले. त्या नजरेला अखेर मिळतो तो एक रुमाल. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेली ती पहिली भेट. एमिलियाला ती सापडते, इयागोच्या हाती जाते आणि कॅसिओच्या खोलीत पोहोचते. रुमालाने काहीच सिद्ध होत नाही. पण निर्णय आधीच झालेला असल्याने त्याला अर्थ प्राप्त होतो. याहून भेदक प्रसंग चौथ्या अंकात आहे. ऑथेल्लो एमिलियाची उलटतपासणी घेतो. आपली मालकीण निष्कलंक आहे, असे ती ठामपणे सांगते. ती बाहेर जाताच ऑथेल्लो मनाशी ठरवितो की, ही कुंटीण, हिने दुसरे काय सांगावे! प्रतिकूल साक्षसुद्धा अनुकूल करून घेण्याची ही क्षमता संशयाला जिज्ञासेपासून कायमची तोडते. याच प्रवेशात डेस्डेमोना विचारते की, मी कोणाशी प्रतारणा केली? या साध्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. कॅसिओचे नाव तो तिच्यासमोर आरोप म्हणून घेतो ते थेट शेवटच्या अंकात, जिवे मारण्याच्या निश्चयाने तिच्या शय्येपाशी आल्यावर. बेकनने सांगितलेला उपाय, म्हणजे ज्याच्याविषयी संशय आहे त्याच्याशी बोलणे, येथे इतका उशिरा योजला जातो की त्याचा उपयोग उरत नाही.

‘द विंटर्स टेल’मध्ये शेक्सपिअरने हाच विषय पुन्हा हाताळला, तेथे मात्र इयागो नाही. लिओन्टिझ राजाचा संशय त्याच्याच मनात उपजतो. डेल्फीच्या देववाणीने राणी निर्दोष ठरविली तरी तो ती वाणीच खोटी मानतो. इयागोशिवायही ऑथेल्लो संभवतो, असेच जणू नाटककाराला म्हणावयाचे आहे. कारण नसतानाही जेलसी स्वतःच स्वतःला जन्म देते, हे एमिलियाचे निरीक्षण येथे पूर्णत्वास जाते.

५. मराठी रंगभूमीची साक्ष :

महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’चा मराठी अनुवाद केला आणि गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ हे त्याचे रूपांतर सिद्ध केले. याच देवलांचे ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याचे मूळ आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ (१७६१) या इंग्रजी प्रहसनात आणि त्याच्याही मागे मोलिएरच्या ‘स्गानारेल’मध्ये (१६६०) आहे. म्हणजे एकाच नाटककाराने संशयाची शोकांतिका आणि संशयाचे प्रहसन, अशी दोन्ही रूपे इंग्रजीमार्गे मराठीत आणली.

या दोहोंची यंत्रणा पाहिली तर ती जवळजवळ एकच आहे. तेथे रुमाल, येथे तसबीर. फाल्गुनराव मूर्च्छित रेवतीला सावरतो ते कृत्तिका पाहते. कृत्तिकेच्या हाती तसबीर पडते ते फाल्गुनराव पाहतो. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले खरे असते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. मग एक नाटक मृत्यूपाशी का संपते आणि दुसरे हास्यात का? प्रस्तुत लेखकास त्याचे उत्तर असे वाटते की, फाल्गुनराव व कृत्तिका आपला संशय मनात ठेवीत नाहीत. ते भांडतात, ओरडतात, चारचौघांत एकमेकांवर आरोप करतात. संशय बोलला गेला की तो खोडून काढण्याची संधी दुसऱ्याला मिळते. देवलांनी नावात योजलेला ‘कल्लोळ’ हा शब्द म्हणूनच सार्थ आहे. जेथे कल्लोळ होतो तेथे निदान मौन राहत नाही. दुसरा भेद सत्तेचा. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर तोडीस तोड संशय घेतात. डेस्डेमोनाला ती मुभा नाही. संशय एकाच बाजूने वाहू लागतो तेव्हा त्यातील विनोद संपतो.

६. ‘अ पॅसेज टू इंडिया’ : शब्द कोणाच्या वाट्याला?

सत्तेचा हा मुद्दा ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीत केंद्रस्थानी येतो. मराबारच्या गुहेत अॅडेला क्वेस्टेडला काय अनुभव आला, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. वाचकाला ती खऱ्या अर्थाने ‘डाउट’मध्ये ठेवते. परंतु चंद्रपूरच्या इंग्रज क्लबाला कोणताही ‘डाउट’ नाही. डॉक्टर अझीझला अटक होताच त्याचा अपराध गृहीत धरला जातो. पोलीस अधिकारी मॅकब्राइड याच्यापाशी तर एक सिद्धान्तच आहे. ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेस राहणारे सारे नेटिव्ह हवामानामुळेच मनाने गुन्हेगार असतात. त्याचा स्वतःचा जन्म कराचीचा, असे सांगून फॉर्स्टर त्या सिद्धान्ताची वासलात लावतो. तपास, पंचनामा, आरोपपत्र या साऱ्या शासकीय शब्दांच्या आड येथे दुसरे काही नाही, केवळ ‘सस्पिशन’ आहे. अखेर खुद्द अॅडेलाच साक्षीच्या पिंजऱ्यात आपला आरोप मागे घेते. आपल्या मनातील ‘डाउट’ला जागा देण्याचे धैर्य त्या क्षणी तिने दाखविले आणि त्याची जबर किंमत मोजली.

यापुढील भाग अधिक विचारणीय आहे. खटल्यानंतर, एकतिसाव्या प्रकरणात, फील्डिंग आपल्याला फसवून अॅडेलाशी तिच्या पैशासाठी विवाह करणार, असा समज अझीझच्या मनात घर करतो. या ठिकाणी कादंबरीचा निवेदक एक सर्वसाधारण विधान करतो. पौर्वात्याच्या मनातील ‘सस्पिशन’ ही घातक गाठीसारखी व्याधी असून, जसे ढोंग हे पाश्चात्त्याचे तसे संशय हे पौर्वात्याचे भूत आहे, असा त्याचा आशय आहे. फॉर्स्टरविषयी पूर्ण आदर ठेवूनही येथे थांबून प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. कादंबरीच्या मध्यभागी एका संपूर्ण शासनव्यवस्थेने एका निरपराध माणसावर संशय घेतला. त्या संशयाला क्लबातील मंडळी न्याय म्हणतात, कर्तव्य म्हणतात. ज्याच्यावर संशय घेतला गेला, त्याने पुढे मित्राविषयी शंका बाळगली तर तिला मात्र वंशाची व्याधी हे नाव मिळते. ज्याने अटक, कोठडी आणि खटला भोगला त्याला विश्वास ठेवणे जड जावे, यात वंशाचा काय संबंध?

याचा अर्थ फॉर्स्टर वसाहतवादी दृष्टीचा पुरस्कर्ता होता, असा नव्हे. याच वाक्यात ढोंगाचे माप पाश्चात्त्याच्या पदरात टाकून तो तोल साधू पाहतो, आणि क्लबाचे त्याने केलेले चित्रण निर्मम आहे. परंतु अशा सजग लेखकाच्या हातूनही शब्द पाहणाऱ्याकडून पाहिल्या जाणाऱ्याकडे सरकतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. ‘सस्पिशस’ या विशेषणातील जी संदिग्धता आपण व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिली, तीच येथे इतिहासाच्या पातळीवर काम करते.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. ज्या राजवटीत ही कादंबरी घडते, तिने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून काही जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. नजर मात्र रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन म्हणजे पाहिल्या जाणाऱ्याने लिहिलेला संशयाचा इतिहास आहे. चोरी कोठेही झाली तरी पोलीस याच वस्तीत येतात, हा त्यातील अनुभव. या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘द ब्रँडेड’, म्हणजे डागलेला, असे आहे. इंग्रजी वाङ्मयातील संशय आपण प्रायः संशय घेणाऱ्याच्या मनातून वाचतो. ऑथेल्लोचे मन आपल्याला सविस्तर ठाऊक असते, डेस्डेमोनाचे तितके नसते. ‘उचल्या’ने ही दिशा बदलली, हे त्याचे वाङ्मयीन महत्त्व होय.

७. समीक्षाव्यवहारातील ‘सस्पिशन’ :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द समीक्षेची पद्धत म्हणून प्रतिष्ठित झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर याने फ्रॉइडवरील आपल्या ग्रंथात (१९६५) मार्क्स, नीत्शे व फ्रॉइड यांना संशयाचे तीन आचार्य मानले. जाणिवेवर दिसणारा अर्थ खरा नसून तो मुखवटा आहे, ही तिघांची समान भूमिका. यातूनच ‘संशयाचे अर्थनिर्णयनशास्त्र’ ही संज्ञा रूढ झाली. मार्क्सवादी, स्त्रीवादी, वसाहतोत्तर अशा सर्वच समीक्षापद्धतींनी तिचा लाभ घेतला. फॉर्स्टरवरील वरील विवेचनही त्याच परंपरेचे ऋणी आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र रिकरने संशयाच्या जोडीला ऐकून घेण्याची, अर्थ पुनःस्थापित करण्याची तयारीही आवश्यक मानली होती, याचा विसर पुढे पडला. रिटा फेल्स्की यांनी ‘द लिमिट्स ऑफ क्रिटिक’ (२०१५) या ग्रंथात, संशय हाच समीक्षकाचा एकमेव स्थायीभाव होऊन बसल्याची चिकित्सा केली आहे.

आपल्याकडील शोधनिबंध वाचतानाही याचा प्रत्यय येतो. कृती हाती घेण्यापूर्वीच तीत काय दडलेले सापडणार हे ठरलेले असते. मग कृतीतील प्रत्येक प्रतिकूल जागाही एमिलियाच्या साक्षीप्रमाणे अनुकूल करून घेतली जाते. अशा वाचनाला चिकित्सा म्हणण्यापेक्षा विपर्यय म्हणणे अधिक यथार्थ होईल. समीक्षकाला हवा आहे तो न्यायदर्शनातला संशय. ज्यात कृती आपल्याला खोटे ठरवील, ही दुसरी शक्यता अखेरपर्यंत जिवंत असते.

निष्कर्ष :

१) ‘सस्पिशन’ हा शब्द मूलतः नजरेचा असून त्यात मन एका बाजूस कललेले असते, ‘डाउट’मध्ये ते दोन्ही बाजूंस खुले असते. मराठीतील ‘संशय’ हे नाम दोन्ही अर्थ वाहते. म्हणून अध्यापनात ‘डाउट’साठी ‘शंका’ अथवा ‘द्विधा अवस्था’ आणि ‘सस्पिशन’साठी ‘संशय घेणे’ असा क्रियापदासह भेद करणे इष्ट ठरेल.
२) ऑथेल्लोची शोकांतिका अतिसंशयाची नसून, संशयाच्या अवस्थेत थांबता न येण्याची आहे.
३) ‘ऑथेल्लो’ व ‘संशयकल्लोळ’ यांतील भेद संशयाच्या मात्रेत नसून तो बोलला जातो की नाही, आणि दोन्ही बाजूंना तो घेण्याची मुभा आहे की नाही, यात आहे.
४) ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये सत्ताधाऱ्याच्या संशयाला न्यायाचे व सत्ताहीनाच्या संशयाला व्याधीचे नाव मिळते. म्हणून या शब्दाचा अर्थ ठरविताना तो कोण, कोणाविषयी उच्चारतो, हे तपासणे अगत्याचे आहे.
५) समीक्षेतील संशय ऐकून घेण्याच्या तयारीवाचून पद्धत न राहता केवळ सवय होतो.

शेवटी, हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या अभ्यासक्रमापुरता नाही. वर्गात एखादी वस्तू हरवली, दोन उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या, की आपली नजर प्रथम कोणत्या बाकाकडे वळते, याचे उत्तर प्रत्येक अध्यापकाने स्वतःशी द्यावयाचे आहे. तेथे संशय आपल्याला येतो, की आपण तो घेतो, हा भेद मराठी भाषेने आपल्या हाती आधीच दिलेला आहे.